‘आमच्याबद्दल’चं पान

५ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे बाजूला ठेवशील आणि दोन दिवसांनी वहिनी ते उघडेल, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. तेव्हा वहिनी, आधी तुला नमस्कार. चष्मा लाव, माझं अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे काही तरी कारण हवं. कारण असं की मी आपल्या सूर्यघड्याळांची वेबसाइट काढते आहे. हसू नकोस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात दुसऱ्यांचे नकाशे ट्रेस केले, आता सकाळी उठल्यावर ट्रेस करायला काही नसतं. भाजी निवडते, कपडे वाळत घालते, वाळले की काढते. याला कंटाळा म्हणत नाहीत, थकवा म्हणतात. काम करून आलेला थकवा झोपेने जातो, हा जात नाही. डॉक्टर म्हणाले, एखादा छंद धरा. म्हटलं, होता एक.

फोटो सगळे जपून ठेवलेत. दर रविवारी तू आणि मी भिंतींवर, अंगणांत, एकदा तर त्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर, अशी दहा घड्याळं केली. ती दहाही टाकणार आहे. अकरावं, वाचनालयाच्या भिंतीवरचं, टाकणार नाही. त्यात काय चुकलं ते तेव्हाही कळलं नाही, आता उकरून काय मिळायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला हवी आहे ती तुझी गणितांची वही. प्रत्येक फोटोखाली भिंतीचा कोन आणि सावली पाडणाऱ्या काट्याचा उतार द्यायचा आहे. वहिनीने पोस्टात टाकली तरी चालेल. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

तुझी धाकटी

२४ जानेवारी

दादा,

वही आली नाही, आणि का आली नाही तेही कळलं. त्याकडे येते, आधी साइटचं सांगते. अवघड गोष्ट शेवटी सांगायची माझी सवय तुला माहीत आहे.

खालच्या मजल्यावर एक बाई राहायला आली आहे. माझ्याच वयाची. आयुष्यभर जाहिरात कंपनीत बसून बिस्किटांच्या पुड्यांचे आणि साबणाच्या वेष्टनांचे चेहरे ठरवले, आता पाठीच्या दुखण्याने घरी आहे. अख्खी इमारत तिला जाहिरातवाली म्हणते, आणि तिलाही ते आवडतं. पाठीखाली दोन उशा, मांडीवर लॅपटॉप, अशी पडून ती माझी साइट करते. म्हणजे आधी मीच एक केली होती. तिने ती उघडली. सात रंग, वर गरागरा फिरणारा सूर्य, प्रत्येक मथळ्याला वेगळं अक्षर.

“हे काय आहे?” ती म्हणाली. “बँडवाल्याचा कोट?”

तिने सगळं पुसलं आणि पांढरं पान समोर ठेवलं.

“आता एका वाक्यात सांगा. ही साइट कुणाची, कशाची आणि कुणासाठी?”

“सूर्यघड्याळांची शास्त्रीय माहिती देणारी...”

“ती छप्पन्न ठिकाणी मिळते. तुमचं काय?”

“आम्ही भावंडं रविवारी घड्याळं करायचो. भाऊ गणित करायचा, मी रेघा मारायची.”

“हां. आता आलात ताळ्यावर. मग दुसरा कुठाय?”

“परगावी असतो.”

“लावा की फोन.”

“तो फोनवर येत नाही.”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “हे बघा, रंग मी देते, अक्षर मी देते, नावही सुचवते. पण चेहऱ्यामागे माणूस लागतो, तो माझ्या पेटीत नाही. ‘आमच्याबद्दल’ हे पान तुम्ही लिहा. ते आलं की बाकीचं ठरतंय.”

रंग दोनच ठरले, चुन्याच्या भिंतीचा पांढरा आणि ड्रॉइंगच्या शाईचा काळा. अक्षर मी नकाशांवर स्टेन्सिलने काढायची तसं, तिने कुठूनसं हुडकून काढलं. बघून मला जरा बरं वाटलं. पण ते पान चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा परत आलं. ‘आम्ही गेली अनेक वर्षे या क्षेत्रात कार्यरत असून’ वाचून ती म्हणाली, हे पतपेढीच्या अहवालात टाका.

आता वहिनीचा फोन. गुरुवारी आला. वही म्हणे गाव सोडतानाच तू रद्दीत दिलीस. मी म्हटलं, बरं. मग ती हळूहळू बाकीचं बोलायला लागली आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. तू एकटा रस्त्यावर जात नाहीस. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवतोस. नातीने अपूर्णांक विचारले तर आजीला विचार म्हणतोस. भूगोल आणि गणित दोन्ही शिकवून निवृत्त झालेला माणूस! दोन डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या करून सांगितलं की स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही, तर तू म्हणालास, “त्यांनी माझं घड्याळ पाहिलेलं नाही.”

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलास. रागावलेला असतास तर बरं झालं असतं. आईचं नाव मी काढायला नको होतं.

धाकटी

११ फेब्रुवारी

दादा,

चूक सापडली. हे पत्र बाजूला ठेवू नकोस.

झालं असं. जाहिरातवालीने साइटसाठी चिन्ह काढलं, भिंतीवरचं सूर्यघड्याळ. छान जमलं होतं, पण आकडे तिने आपल्या नेहमीच्या घड्याळासारखे मांडले होते. मी म्हटलं, बाई, भिंतीवर उलट असतं. सकाळची सावली डावीकडे, दुपारची उजवीकडे, आकडे डावीकडून खाली येऊन उजवीकडे वर चढतात. “एवढंच ना?” म्हणून तिने एक बटण दाबलं आणि अख्खं चित्र उलटलं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. आकडे तेवढे तिने वेगळे सरळ करून घेतले. “बघा,” ती म्हणाली, “उलटवलंय हे कुणाच्या बापाला कळणार नाही.”

मी डोकं दुखतंय असं सांगून वर आले.

आपली पद्धत आठव. तू गणित करायचास, मी ट्रेसिंगच्या कागदावर नुसत्या रेघा काढायची, आकडे नाही, कारण आकडे केवढे हवेत ते तुला भिंतीसमोर उभं राहूनच ठरवायचं असायचं. मग रेघांवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा, वरून कोळशाची पूड चोळायची, की भिंतीवर ठिपके उठतात. भोकं कागदाच्या दोन्ही बाजूंनी सारखीच. पारदर्शक कागद. उलटा लावला तर ते कुणालाही कळणार नाही, आणि भिंत सरळ दक्षिणेकडे तोंड करून असेल तर काही बिघडतही नाही, दोन्हीकडच्या रेघा सारख्याच असतात. पण वाचनालयाची भिंत चोवीस अंशांनी पश्चिमेला वळलेली होती. डावीकडच्या रेघा वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या.

तिथे कागद मी उलटा लावला. काटा तू तुझ्या मापाने बसवलास, तो बरोबर होता. रेघा उलट्या होत्या. बाराची रेघ मधोमध, ती कशीही ठेवा तिथेच राहते. म्हणून उद्घाटनाला भर बाराला घड्याळ अचूक होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीही मागे, दुपारीही मागे. तू समजलास की रेघांच्या गणितात कोन तू उलट्या बाजूचा धरलास. तसं केलं असतंस तरी रेघा अगदी अशाच आल्या असत्या, त्यामुळे तुला तीच चूक पटली. पेपरात आलं ‘निवृत्त मास्तरांचं गणित चुकलं’, आणि ते सगळ्यात आधी तू खरं मानलंस.

तुझं गणित बरोबर होतं, दादा. डोकं चुकलं नाही, माझा हात चुकला. आज कळलं, म्हणून आजच लिहिते आहे.

धाकटी

१२ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले. पोस्टमनची वाट बघून पत्र परत मागावं असं मनात आलं. त्यात एक वाक्य खोटं आहे. ‘आज कळलं’ हे.

मला चौथ्या दिवशी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. तू माझ्याकडे आलास, वहिनी बरोबर होती. तू आवाजही चढवला नव्हतास, एवढंच म्हणालास, “तुझं ट्रेसिंग दाखव गं जरा, पडताळून बघू.” मी तडकले. म्हटलं, फाडून टाकलं. म्हटलं, सत्तावीस वर्षांत माझा हात एकदाही चुकलेला नाही, साहेब लोक माझा कागद तपासत नाहीत, आणि तू तपासणार? आणि मग म्हटलं, “आईसारखं व्हायला लागलंय तुझं.”

आई शेवटी शेवटी मला विचारायची, “बाई, तुम्ही कुणाकडे आलात?” तुला जन्मभर याच एका गोष्टीची भीती होती. ती मला माहीत होती म्हणूनच घाव तिथे घातला. रागात तोंडातून निघून गेलं, असं म्हणणार नाही. मी शोधून बोलले.

ट्रेसिंग फाडलेलं नव्हतं. पलंगाखाली नळकांड्यात होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, ते काढलं आणि खिडकीच्या काचेवर धरलं. शाई एका बाजूला आणि कोळशाची पूड दुसऱ्या. दोन्ही एकाच बाजूला हवी होती, दादा. कागद उलटा लागला होता, आणि त्यात शंकेला जागाच नव्हती. कार्यालयात प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘ही बाजू वर’ लिहायचं, हे नव्या मुलींच्या डोक्यात मीच हाणून हाणून बसवायची. त्या कागदावर मी लिहिलं नव्हतं. घरचं काम, त्यात काय लिहायचं!

चप्पल घालून तुझ्याकडे निघाले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, त्याचा राग निवळला की सांगू. मग तू मुलाकडे राहायला गेलास. मग म्हटलं, आता सांगून काय उपयोग. भिंतही पुन्हा रंगवून टाकली होती. पहिला आठवडा जड गेला, दुसरा कमी, आणि तिसऱ्यापासून मला ते जमायला लागलं. मूग गिळून बसायला काही कष्ट पडत नाहीत. पण वाचनालयात पुस्तक बदलायला मी सहा वर्षांत गेलेले नाही. तिथे कुणी कुणाला किती वाजले विचारलं तरी मला वाटायचं, मला टोमणा मारला. चोराच्या मनात चांदणं.

तू रागावला आहेस असं समजून मी गप्प बसले, हेही अर्धंच खरं. माझ्याकडे होतं काय? नवरा नाही, मूलबाळ नाही, एक हात होता जो चुकत नाही. तो वाचवला. तुझं डोकं दिलं त्याबदल्यात.

हे पत्र वहिनीला वाचायला लावू नकोस. की लाव. लावच.

धाकटी

३ मार्च

दादा,

वहिनीचा फोन येऊन गेला. कशी आहेस नाही, काही नाही. “सहा वर्षं? अगं, सहा वर्षं मी त्यांना हाताला धरून बाजारात नेते आहे,” एवढंच म्हणाली आणि ठेवला. तिच्या जागी मीही याहून जास्त बोलले नसते. तू काय म्हणालास ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

जाहिरातवालीला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, साइट राहू दे, माझ्यात त्राण नाही. तिने ऐकून घेतलं, कूस बदलताना नेहमीसारखी कण्हली, आणि म्हणाली, “मग तुमची साइट हीच आहे की.”

मला संताप आला. “माझ्या चुकीची जाहिरात करता?”

“जाहिरात करायची तर मी साबणाची करीन. मला एक सांगा. हा छंद करणाऱ्यांची सगळी घड्याळं बरोबर चालतात?”

“छे. निम्मी चुकतात. कोण काटा चुकवतं, कोण भिंत.”

“आणि ती कशी चुकली, हे कुणी लिहितं?”

मी विचार केला. कुणीच लिहीत नाही. पुस्तकांत, साइटींवर, जिथे बघशील तिथे चकचकीत बरोबर घड्याळं. ज्याचं चुकतं तो भिंत रंगवतो आणि मूग गिळतो, आणि पुढचा माणूस तीच चूक पहिल्यापासून करतो.

एवढं ठरल्यावर बाकीचं चार दिवसांत उरकलं. नाव ‘उलटा कागद’. डावीकडे चुकलेल्या घड्याळाचा फोटो, उजवीकडे ते किती चुकलं आणि का, बस. फिरणारं, उडणारं, चमकणारं काही नाही. आपली दहा घड्याळं आत मागच्या पानावर, आणि पहिल्या पानावर अकरावं, सोबत ट्रेसिंगच्या दोन्ही बाजूंचे फोटो. जाहिरातवाली म्हणते, आता कुणीही आलं तरी अर्ध्या मिनिटात कळेल आपण कुठे आलोय.

‘आमच्याबद्दल’चं पान छापून सोबत पाठवते आहे. त्यात तुझा उल्लेख आहे, म्हणून तुझा होकार हवा. नको म्हणालास तर सगळं काढून टाकीन, वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण काढीन. मजकूर असा आहे:

‘आम्ही भाऊ आणि बहीण. भाऊ गणित करायचा, बहीण रेघा मारायची. अकरा सूर्यघड्याळं केली. दहा बरोबर चालली. अकरावं सकाळी नऊ वाजता चाळीस मिनिटं मागे होतं. भावाच्या गणितात चूक नव्हती. बहिणीने कागद उलटा लावला, आणि कळूनही सहा वर्षं सांगितलं नाही. बहीण भावाची माफी मागते. तुमचं घड्याळ चुकलं असेल तर कसं चुकलं ते आम्हाला कळवा.’

हे पाचव्यांदा लिहिलं. जाहिरातवालीने परत केलं नाही.

धाकटी

२१ मार्च

दादा,

पाकीट मिळालं. वर वहिनीचं अक्षर. आत पत्र नाही, माझंच पान परत. म्हटलं, झालं, नको म्हणाला. मग उलटं केलं.

मागची बाजू गच्च भरलेली. तुझी पेन्सिल, तुझे ते शेपटीवाले सात, पूर्ण गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत. वही नाही, पुस्तक नाही. भिंतीचे चोवीस अंश घेतलेस आणि दोन्ही बाजूंच्या रेघा काढून, त्या एकमेकींवर उलटवून, तासातासाला किती फरक पडतो ते मांडलंस. दोन ठिकाणी खोडून पुन्हा केलंस, आणि दोन्ही ठिकाणी पहिलंच बरोबर होतं. मी तिथेच, दारात उभ्याउभ्या रडले. खालून जाहिरातवाली ओरडली, “काय झालं?” मी म्हटलं, “गणित आलं!”

पुढच्या बाजूला तू ‘चाळीस’ खोडून ‘अडतीस’ केलंस. आणि समासात लिहिलंस की दुपारी तीनला एकोणतीस, तेही टाक. टाकलं. जाहिरातवाली म्हणाली, “दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप?” मी म्हटलं, “हो. याच दोन मिनिटांसाठी.”

आणि माफीचं वाक्य तू पट्टी ठेवून, सरळ रेघ मारून कापलंस. शेजारी लिहिलंस, ‘हे इथे नको. घरी येऊन सांग.’

हे वाचून मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. नाही वाटलं, भीती वाटली. कागदावर लिहिणं मला जमतं, जन्मभर तेच केलं. तुझ्यासमोर बसून, वहिनीच्या देखत, ते तोंडाने म्हणायचं या विचाराने गेले तीन दिवस मी पिशवी भरते आहे आणि उपसते आहे. तू ये म्हणालास, माफ केलं म्हणाला नाहीस. तो फरक मला कळतो. तू काय म्हणशील ते माहीत नसतानाच यायचं, हेही कळतं. वहिनी जेवायला वाढेल की नाही, तेही बघू.

साइट काल सुरू झाली, माफीचं वाक्य वगळून. आजच एका माणसाने कळवलं की त्याच्या गच्चीवरचं घड्याळ दुपारपर्यंत बरोबर चालतं आणि मग भरकटतं, कारण सापडत नाही. मला त्यातलं काही कळत नाही, ते तुझं काम. त्याचं पत्र छापून आणते आहे.

शनिवारी दुपारी सव्वादोनला माझी बस पोचते. तुमच्या घरापासून स्टँड दोन चौकांवर आहे, असं वहिनी पूर्वी म्हणाली होती. मला न्यायला यायचं असेल तर तू एकटा ये. कितीही उशीर झाला तरी मी तिथेच बसून राहीन.

तुझी धाकटी